यंत्र 'नाही' म्हणतं तेव्हा

या मालिकेत आज पहिल्यांदाच व्हिडिओ गेमवर बोलायचं आहे, आणि समोरच्या निम्म्या चेहऱ्यांवर 'सर, तुम्ही?' असा प्रश्न मला स्पष्ट दिसतोय. (हशा) तर आधीच सांगून टाकतो, मी खेळाडू नाही. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर अंगठ्यांना जे जमत नाही ते जमत नाही. पण 'खरं कशाला म्हणायचं' हा प्रश्न वर्गात आयुष्यभर शिकवला, आणि तोच प्रश्न एका अनपेक्षित जागी फार नेटका मांडलेला सापडला, म्हणून हा विषय घेतला.

जागा अशी. जुन्या गेमचे चाहते त्या गेमच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करतात. कुणी नवे टप्पे रचतं, कुणी जपानी संवादांचं इंग्रजी करतं, कुणी मूळ कंपनीनं ठेवलेले दोष काढतं. याला 'रॉम हॅक' म्हणतात. आणि असा बदललेला गेम लोकांपुढे ठेवताना कर्ता पुष्कळदा एक ओळ आवर्जून लिहितो: 'मूळ यंत्रावर तपासलेला.' म्हणजे संगणकात यंत्राची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरवर नुसता चालवलेला नव्हे, तर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या प्लास्टिकच्या डब्यात घालून, वायर जोडून, पाहिलेला. मला या ओळीत रस आहे. ही ओळ नेमका काय दावा करते?

चटकन सुचणारं उत्तर म्हणजे स्मरणरंजन. लहानपणीचा डबा, लहानपणीचा कंट्रोलर, वगैरे. काहींच्या बाबतीत ते असेलही. पण स्मरणरंजनाला 'तपासलेला' हा शब्द लागत नाही. आजीच्या हातची पुरणपोळी आपण तपासत नाही. तपासतो तेव्हा आपल्याला भीती असते की उत्तर 'नाही' असं येईल. तर यंत्राला 'नाही' म्हणता येतं, आणि ते कसं म्हणतं, इथून सुरुवात करू.

मी एकच यंत्र घेतो, सुपर निन्टेंडो. जपानमध्ये ते १९९० च्या नोव्हेंबरात 'सुपर फॅमिकॉम' या नावानं आलं, अमेरिकेत १९९१ मध्ये. आता हे यंत्र चित्र कसं काढतं ते समजून घ्यावं लागेल. थोडा धीर धरा, पुढचं सगळं यावर उभं आहे. जुना टीव्ही चित्र एकदम दाखवत नाही, वरून खाली एकेक ओळ काढत येतो. जपानी-अमेरिकी पद्धतीत एका चित्राच्या २६२ ओळी, आणि सेकंदाला अशी सुमारे ६० चित्रं. त्यातल्या साधारण २२४ ओळींवर चित्र असतं. उरलेला वेळ किरण तळापासून पुन्हा माथ्यावर जाण्याचा. हा वेळ सव्वादोन-अडीच मिलिसेकंद. चित्राची जी ६४ किलोबाइटची स्मृती आहे तिच्यात नवं काही लिहायचं, तर ते या फटीत लिहायचं, नाहीतर पडदा मुद्दाम काळा करून लिहायचं. नाटकात पडदा पडल्यावर नेपथ्य बदलतात ना, तसं. अंक चालू असताना मांडामांड करायला गेलात तर? हे यंत्र आरडाओरडा करत नाही, बंद पडत नाही. तुमचं लिखाण निमूटपणे टाकून देतं. पडद्यावर अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसते किंवा कचरा दिसतो.

आता १९९७ साली या. झेडस्नेस नावाचा इम्युलेटर आला. तेव्हाचे घरगुती संगणक आजच्या मानानं फारच दुबळे, त्यामुळे त्याच्या कर्त्यांनी वेगाला महत्त्व दिलं आणि बारीकसारीक नियमांकडे काणाडोळा केला. पडदा वर असतानाही चित्राच्या स्मृतीत लिहा, चालेल! तो कधी 'नाही' म्हणत नसे. आणि नेमका हाच काळ रॉम हॅक आणि हौशी भाषांतरं यांच्या बहराचा. २००० साली 'सुपर मारिओ वर्ल्ड'चे टप्पे बदलण्याचं लूनर मॅजिक नावाचं साधन आलं, आणि शाळकरी मुलंसुद्धा मारिओचे नवे टप्पे रचू लागली. या लोकांपैकी बहुतेकांनी आपलं काम फक्त इम्युलेटरवर पाहिलं. दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतंच. बदललेला गेम खऱ्या यंत्रात घालायची सोपी सोय तेव्हा नव्हती. वर्षांनंतर ती आली. एव्हरड्राइव्ह किंवा एसडी-टू-स्नेस यांसारखी कार्ट्रिजं निघाली, ज्यांत मेमरी कार्डावरचा गेम भरून ते थेट कन्सोलच्या खाचेत घालता येतं. लोकांनी मोठ्या उत्साहानं आपले आवडते हॅक आणि भाषांतरं त्यात भरली. आणि काय दिसलं? कुठे संवादांची अक्षरं गायब. कुठे गेम पहिल्याच पडद्यावर गोठलेला.

आवाजाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. या यंत्रात आवाजाचा विभाग जवळजवळ स्वतंत्र संस्थान आहे. त्याचा वेगळा प्रोसेसर, वेगळी ६४ किलोबाइट स्मृती. वाद्यांचे नमुने, गाण्याची सुरावट, वाजवणारा प्रोग्राम, सगळं त्या ६४ मध्ये. शिवाय प्रतिध्वनी हवा असेल तर त्यालाही त्यातलीच जागा द्यावी लागते. २४० मिलिसेकंदांचा, म्हणजे सर्वांत लांब, प्रतिध्वनी घेतलात तर ३० किलोबाइट, जवळजवळ अर्धं घर. झेडस्नेसनं या प्रतिध्वनीला घराबाहेर वेगळी खोली काढून दिली होती. साहजिकच हॅक करणाऱ्यांनी प्रतिध्वनी सढळ हातानं वापरला. खऱ्या यंत्रावर तो प्रतिध्वनी आपल्याच गाण्याच्या स्मृतीवर जाऊन बसला आणि गाणं खाऊन टाकलं. कर्त्याला वर्षानुवर्षं कल्पना नव्हती की त्यानं लिहिलेलं गाणं या यंत्राच्या घरात मावतच नाही.

इथे मला आपल्या दर्शनांतला एक जुना वाद आठवतो. ज्ञान खरं आहे हे ज्ञानावरूनच कळतं का बाहेरून कळतं? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, त्याला बाध आणणारं दुसरं काही येईपर्यंत. नैयायिक म्हणतात, तसं नाही चालायचं. दुरून पाणी दिसलं, हे ज्ञान. ते खरं कधी कळणार? तिथवर चालत जाल, ओंजळीत घ्याल, तहान भागेल तेव्हा. प्रवृत्ती सफल झाली की प्रामाण्य ठरलं. इम्युलेटरवर 'चाललं' म्हणून खूश होणारा हॅकर हा मीमांसक आहे. बाध येईपर्यंत त्याचं बरोबरच आहे. 'मूळ यंत्रावर तपासलेला' असं लिहिणारा नैयायिक आहे, तो पाण्यापर्यंत चालत गेलाय. गंमत अशी की जो इम्युलेटर बाध आणतच नाही, तिथे मीमांसकाची मोठी पंचाईत होते. त्याला आयुष्यभर बाध भेटणारच नाही. आणि त्यामुळे त्याचं ज्ञान खरं ठरत नाही, नुसतं अबाधित राहतं. झेडस्नेसची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. त्याच्याशिवाय ही सगळी निर्मितीच झाली नसती. पण प्रेमळ परीक्षकानं सगळ्यांना पास केल्यावर विद्यार्थ्यांचं जे होतं ते इथे झालं, हे म्हटलंच पाहिजे.

बरं, आता उलट बाजूनं बघू. 'मूळ यंत्र' म्हणजे नेमकं कोण? साक्षीदार म्हणून ज्याला उभं करताय त्याची उलटतपासणी व्हायला हवी. आवाजाच्या विभागाचं घड्याळ सिरॅमिकच्या स्पंदकावर चालतं. कागदावर आवाजाचा वेग सेकंदाला ३२,००० नमुने. प्रत्यक्ष यंत्रं थोडी पुढे धावतात, म्हणून इम्युलेटर लिहिणाऱ्यांनी ३२,०४० हा आकडा धरला. तापमान बदललं की स्पंदकाचा वेग किंचित बदलतो. म्हणजे दोन खरी यंत्रं शेजारी ठेवली तर तीसुद्धा अगदी एकसारखी साक्ष देणार नाहीत.

त्याहून मोठी अडचण खाचेत आहे. हे यंत्र मुळातच अपुरं बनवलंय, आणि मुद्दाम. त्याच्या कार्ट्रिजमध्ये नुसता गेम असावा असं बंधन नाही. कार्ट्रिज स्वतःबरोबर एक जादा प्रोसेसर घेऊन येऊ शकतं. १९९० च्या 'पायलटविंग्ज'मध्ये गणित करणारी एक चिप होती, १९९३ च्या 'स्टार फॉक्स'मध्ये त्रिमितीय आकार काढणारी सुपर एफएक्स होती. म्हणजे यंत्र कुठे संपतं आणि गेम कुठे सुरू होतो? मिलिंद राजाला नागसेनानं रथाविषयी विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का. तसा प्रश्न इथे प्लास्टिकलाच विचारता येतो. आणि आज लोक ज्यातून हॅक चालवतात त्या आधुनिक कार्ट्रिजमध्ये तर हवं ते सर्किट घडवून घेता येणारी चिप असते, जी त्या जुन्या जादा प्रोसेसरांची सोंगं घेते. मग कुणी म्हणेल, ही तर इम्युलेटरचीच धाकटी बहीण, फक्त खाचेत शिरलेली.

माझं उत्तर असं. मूळपणा प्लास्टिकमध्ये शोधू नये, वेळेच्या करारात शोधावा. अमुक काम अमुक ओळीच्या आत झालंच पाहिजे, अमुक स्मृतीला अमुकच हात लावू शकतो, हे ते करार. कार्ट्रिजमधलं सोंग जोवर त्या करारांच्या आत राहून कन्सोलशी बोलतंय आणि पलीकडून कन्सोल आपल्या जुन्या स्वभावानं उत्तर देतोय, तोवर साक्ष खरी आहे. मला जाणवतं की हे उत्तर सगळ्यांना पटणार नाही. त्यासाठीच एक प्रत्यक्ष काम घेऊन बोलू, कारण तत्त्व हवेत ठेवलं की ते कुणालाही सोयीचं असतं.

काम आहे कोनामी कंपनीच्या 'ग्रेडियस तीन'चं. हा गेम १९८९ च्या अखेरीला जपानच्या गेम पार्लरमध्ये आला. घरगुती आवृत्ती १९९० च्या डिसेंबरात सुपर फॅमिकॉमवर आली, यंत्र बाजारात येऊन जेमतेम महिना झाला होता. तुमचं एक लहानसं विमान, व्हिक व्हायपर त्याचं नाव, डावीकडून उजवीकडे जातं. समोरून शत्रू येतात. हळूहळू तुम्ही 'ऑप्शन' नावाचे चार तेजोगोल मिळवता. ते तुम्ही ज्या वाटेनं गेलात त्याच वाटेनं मागून येतात, आणि तुम्ही झाडलंत की तेही झाडतात. (कोनामीच्या लोकांचा मिश्किलपणा सांगतो. त्यांच्या जुन्या ग्रेडियसमधली बटणांची एक गुप्त क्रमवारी जगप्रसिद्ध होती, ती दाबली की सगळी शस्त्रं मिळत. या गेममध्ये तीच जशीच्या तशी दाबलीत तर तुमचं विमान स्वतःच फुटतं.)

दुसरा टप्पा बुडबुड्यांचा. मोठा बुडबुडा मारला की फुटून लहान होतात, ते इकडेतिकडे सुटतात. चार ऑप्शन मागे, पाच जागांहून लेझर, पडदाभर बुडबुडे. आणि यंत्राला हिशोब झेपेनासा होतो. एका चित्राचा हिशोब एक-साठांश सेकंदात संपला नाही, की गेम पुढच्या चित्राची वाट बघत थांबतो. म्हणजे सगळं जग निम्म्या गतीनं चालायला लागतं. विमान पाण्याखाली गेल्यासारखं. समीक्षकांनी आणि खेळणाऱ्यांनी या गेमला त्यासाठी पुष्कळ नावं ठेवली. या यंत्राच्या मंदपणाचं उदाहरण म्हणून त्याचं नाव कायमचं चिकटलं.

२०१९ साली व्हितोर व्हिलेला या ब्राझिलियन प्रोग्रामरनं एक पॅच काढला. पॅच म्हणजे अख्खा गेम नव्हे, मूळ गेमच्या फायलीत कुठे काय बदलायचं त्याची यादी. त्यानं केलं असं की गेमचं काम एसए-१ नावाच्या जादा प्रोसेसरकडे सोपवलं. ही चिप निन्टेंडोच्याच कार्ट्रिजमध्ये असायची, १९९६ चे 'सुपर मारिओ आरपीजी' आणि 'कर्बी सुपर स्टार' तिच्यावर चालतात. कन्सोलचा स्वतःचा प्रोसेसर २.६८ किंवा फार तर ३.५८ मेगाहर्ट्झनं धावतो. एसए-१ धावते १०.७४ नं. ऐकायला सोपं वाटतं, बैल काढला आणि घोडा जुंपला. पण करार आडवे येतात. कन्सोलची जी १२८ किलोबाइटची कामाची स्मृती आहे, ती एसए-१ ला दिसतच नाही. तिचा तिथे हातच पोचत नाही. म्हणून विमान कुठे आहे, बुडबुडे कुठे आहेत, ऑप्शन कुठे आहेत, हा सगळा संसार कार्ट्रिजमधल्या स्मृतीत हलवावा लागतो, आणि प्रोग्राममध्ये जिथे जिथे जुना पत्ता आहे तिथे तिथे नवा घालावा लागतो. मूळ कर्त्यांचा लिखित प्रोग्राम हाताशी नाही; यंत्रभाषेतून उलगडत न्यायचं. एक पत्ता चुकला तर गेम मध्येच कुठेतरी कोसळणार. आणि हे सगळं झाल्यावर गेम खऱ्या कन्सोलवर, खऱ्या खाचेतून चालतो. बुडबुड्यांच्या टप्प्यात विमान अजिबात अडखळत नाही.

कारागिरी म्हणून माझ्या मनात शंका नाही, हे पहिल्या प्रतीचं काम आहे. इम्युलेटरमध्ये एक सेटिंग असतं, प्रोसेसरचा वेग वाढवा. तेवढं केलं तरी गेम सुरळीत धावतो, दोन क्लिकमध्ये. मग फरक काय? फरक हा की तिथे कुणी 'नाही' म्हणू शकत नाही. वेग आकाशातून पडतो. व्हिलेलांनी वेग मिळवला तो यंत्रानं आधीच दिलेल्या परवानगीच्या आत राहून. कार्ट्रिजनं जादा प्रोसेसर आणावा, ही या यंत्राच्या व्याकरणातली मान्य रचना आहे. त्यांनी नवं व्याकरण केलं नाही, त्याच भाषेत दुसरं वाक्य लिहिलं. यावर आक्षेप येईल की १९९० साली ती चिप नव्हतीच. खरं आहे. १९९० मध्ये हे वाक्य कुणी बोलू शकलं नसतं. पण भाषेत ते शक्य होतं, हे त्याच कंपनीनं पुढे स्वतः दाखवलं.

माझं भांडण दुसरीकडे आहे. या पॅचचं कौतुक करताना चाहते म्हणतात, 'आता हा गेम जसा असायला हवा होता तसा झाला.' इथे मी थांबतो. कारण सुरळीत झालेला गेम अवघड झाला आहे, आणि चांगलाच अवघड. का? मूळ गेममध्ये गती कधी मंदावते बघा. पडद्यावर गर्दी सर्वांत दाट असते तेव्हा. म्हणजे संकट जितकं दाट, तितका खेळणाऱ्याला वेळ जास्त. दोन बुडबुड्यांमधली फट दिसते, आणि त्या फटीतून विमान काढायला नेमका जेवढा अवधी हवा तेवढा मिळतो. माझ्या भाच्यानं मला दोन्ही आवृत्त्या लागोपाठ खेळून दाखवल्या. पहिल्या आवृत्तीत त्याच्या चेहऱ्यावर विचार दिसत होता. दुसऱ्या आवृत्तीत नुसती घाई. आपल्या संगीताच्या भाषेत बोलायचं तर मूळ गेममध्ये लय बदलते, द्रुतातून मध्येच विलंबितात उतरते आणि गर्दी पांगली की पुन्हा चढते. पॅचनं सगळं एका लयीत बसवलं.

कुणी म्हणेल, पण ती लय कुणी रचली नव्हती, तो तर प्रोसेसरचा अशक्तपणा. ठीक. १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' आठवा. परग्रहवासी पंचावन्न असतात तेव्हा हळू सरकतात, मारले जातात तसे उरलेले वेगानं येतात, आणि शेवटचा एक तर सुसाट. हा परिणामही प्रोसेसरच्या अशक्तपणाचाच, काढायला आकृत्या कमी उरल्या की हिशोब लवकर उरकतो. तोमोहिरो निशिकादोंनी तो दिसल्यावर तसाच ठेवला, आणि त्या गेमचा सगळा ताण त्यातून येतो. तिथे दोष पुसून 'जसा असायला हवा होता तसा' करा बरं! उरेल काय? निशिकादोंनी जाणूनबुजून ठेवला आणि कोनामीच्या मंडळींनी नाइलाजानं ठेवला, असा फरक कुणी काढेल. पण कलाकृतीचा अर्थ कर्त्याच्या मनात शोधायला जाऊ नये, हे विम्सॅट आणि बियर्ड्सली १९४६ मध्ये सांगून गेलेत. निदान समीक्षेच्या कामापुरतं मला ते पटतं. कोनामीच्या लोकांनी हा गेम याच यंत्रावर, याच मंद गतीत खेळून, शत्रू किती आणि किती वेगानं सोडायचे ते ठरवलं असणार. दुसरं यंत्र त्यांच्यापुढे नव्हतंच. ती गती गेमच्या मापात शिवलेली आहे.

संहिताचिकित्सेत एक जुना संकेत आहे. दोन पाठांमध्ये जो अवघड तो बहुधा जुना, कारण लेखनिकाचा कल अवघडाचं सोपं करण्याकडे असतो. पुण्यात महाभारताची चिकित्सित आवृत्ती करताना मंडळींनी सुबक, सफाईदार पाठांकडे संशयानं पाहिलं ते त्यामुळेच. इथे मजा अशी आहे की सफाईदार पाठ खेळायला अवघड निघाला. पण तो सफाईचा पाठ आहे, नवा आहे. त्याला 'पुनःस्थापना' म्हणू नका. त्याला व्हिलेलांचा 'ग्रेडियस तीन' म्हणा. त्यात त्यांचाच मान जास्त आहे. आणि गंमत अशी की हे भांडण मी करू शकतो ते दोन्ही आवृत्त्या एकाच यंत्रात, त्याच कंट्रोलरनं, त्याच पडद्यावर चालतात म्हणून. एक इम्युलेटरवर आणि एक कन्सोलवर असती, तर घाई पॅचची की संगणकाची हेच ठरवता आलं नसतं.

मधल्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे. 'सर, हे बेकायदेशीर नाही का?' मी वकील नाही. पण खटला एक सांगतो, कारण तो आपल्या विषयाला धरून आहे. 'गेम जिनी' नावाचं एक उपकरण होतं. ते कार्ट्रिज आणि कन्सोल यांच्या मध्ये बसायचं. कन्सोलनं कार्ट्रिजकडे एखाद्या पत्त्यावरचा आकडा मागितला की हा मध्यस्थ त्याच्याऐवजी दुसराच आकडा द्यायचा, आणि तीन जीवांचे नऊ जीव व्हायचे. कार्ट्रिजमध्ये काहीही बदलत नसे. निन्टेंडोनं विक्रेत्या गलूब कंपनीवर दावा लावला. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं निकाल निन्टेंडोच्या विरोधात दिला, यातून नवी व्युत्पन्न कृती तयार होत नाही म्हणून. पॅचची पद्धत त्याच्या जवळची वाटते, फक्त फरकांची यादी वाटायची. पण पॅच लावून झालेल्या अख्ख्या गेमची प्रत वाटणं ही निराळी गोष्ट आहे, आणि प्रत्येक देशाचा कायदा निराळा. इतकंच.

ही फरकांची यादी, तिच्यातही एक बारीक गोष्ट आहे, जाता जाता सांगतो. पॅचचा जुना आयपीएस हा प्रकार समोर कुठली फाइल आहे हे विचारत नाही. रामायणावर महाभारताचे पाठभेद लावा म्हटलं तरी लावून मोकळा होतो. नंतरचा बीपीएस आधी खात्री करतो की हीच ती संहिता, आणि नसेल तर नकार देतो. नकार देता येणाऱ्या गोष्टींविषयी मला वाढता आदर आहे. (हशा)

आपल्याकडची आठवणही इथे खरीच लागू आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत जो 'टीव्ही गेम' आला, तो बहुतेक ठिकाणी निन्टेंडोच्या आधीच्या, आठ-बिटच्या, यंत्राची नक्कल होता. त्यात आपण ज्याला 'कॅसेट' म्हणायचो ते कार्ट्रिज घालायचं आणि त्यावर ९९९९ गेम असल्याचं छापलेलं असायचं. प्रत्यक्षात गेम मोजके, आणि यादीत तेच तेच पुन्हा, कुठे सुरुवातीचा टप्पा बदललेला, कुठे जीव वाढवलेले. म्हणजे समोर बसलेल्या चाळिशीच्या मंडळींनी बदललेलं सॉफ्टवेअर लहानपणीच खेळलंय, फक्त नकली यंत्रावर आणि कळत नसताना. मूळ काय होतं हे त्यांच्यातल्या पुष्कळांना इम्युलेटरवरच पहिल्यांदा दिसलं. त्यांच्यासाठी 'मूळ यंत्र' या शब्दाला आठवणीचा आधारच नाही. म्हणून मी सुरुवातीला स्मरणरंजनाचं उत्तर बाजूला ठेवलं.

आता एक चिंतेची बाब, आणि मग प्रश्न घेऊ. ही यंत्रं म्हातारी होत आहेत. कपॅसिटर गळतात, चिपा मरतात, नव्या कुणी बनवत नाही. त्यांची साक्ष टिपून ठेवायचं मोठं काम बीस्नेस या इम्युलेटरनं केलं. त्याच्या कर्त्यानं वेग बाजूला ठेवला आणि यंत्र जिथे 'नाही' म्हणतं तिथे इम्युलेटरनंही 'नाही' म्हणायला हवं असा हट्ट धरला. २०११ च्या सुमाराला त्यासाठी ३ गिगाहर्ट्झचा संगणक लागत होता, साडेतीन मेगाहर्ट्झच्या यंत्राची नीट नक्कल करायला! आणि 'पायलटविंग्ज'मधल्या त्या गणिताच्या चिपचा आतला प्रोग्राम बाहेरून वाचताच येत नव्हता. मग काय केलं? चिपेचं आवरण आम्लानं विरघळवलं, सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या जाळीची छायाचित्रं घेतली आणि त्यातून एकेक बिट वाचला. ती चिप अर्थातच त्यात गेली. पण तिच्यासारख्या बाकीच्या सगळ्या मेल्या तरी तिचा प्रोग्राम आता आपल्याजवळ आहे. घड्याळांच्या किंचित चुकण्याचं, दोन विभागांच्या एकमेकांशी होणाऱ्या वेळेच्या ओढाताणीचं असं छायाचित्र घेता येत नाही. ते चालू यंत्रावरच मोजावं लागतं, आणि चालू यंत्रं आहेत तोवरच.

हां, शेवटचा प्रश्न. 'मामांनी जपानहून आणलेलं सुपर फॅमिकॉम माळ्यावर आहे, कार्ट्रिजसकट. आज घरी जाऊन लावू का?' लावा, पण थांबा! जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो आणि आपल्या भिंतीत २३० आहेत. थेट प्लगमध्ये घातलात तर साक्षीदार जागीच जाईल. आधी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणा. कार्ट्रिजच्या आत खेळ जतन करणारी छोटी बॅटरी असू शकते. ती काढलीत की मामांचे जुने जतन केलेले खेळ पुसले जातील, तेव्हा मामांना विचारूनच काढा. आणि पडद्यावर चित्र आलं, तर मला फोन करा. ग्रेडियस निघाला त्यात, तर मी लगेच येतो.